रवांडानं प्रत्येक बांध कागदावर आणला, त्यानंतर काय झालं?

2009 ते 2013 या चार वर्षांत रवांडानं आपल्या हद्दीतला जमिनीचा जवळजवळ प्रत्येक तुकडा नोंदवून काढला. तुकडे भरले एक कोटीहून जास्त. खर्च आला तुकड्यामागे सहा-सात डॉलर. आफ्रिकेतली बरीचशी ग्रामीण जमीन आजही कुठल्याच सरकारी दप्तरात नाही. अशा खंडात, युद्धातून नुकत्या सावरलेल्या एका गरीब देशानं हे काम पुरं केलं.

मालकीचा कागद हातात आला की गरीब माणूस तो गहाण ठेवून कर्ज काढेल, धंदा उभा करेल आणि गरिबीतून वर येईल, असं पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो द सोतो गेली पंचवीस वर्षं मांडत आले आहेत. जागतिक संस्थांनी आणि अनेक सरकारांनी ती मांडणी उचलून धरली. रवांडात ती मोजून पाहण्याइतका मोठा प्रयोग झाला. तिथला कागद उपयोगी पडला यात मला शंका नाही. तो ज्या वाटेनं उपयोगी पडला ती वाट मात्र बँकेच्या दारावरून जात नव्हती.

एकाच शेतावर तीन हक्क

रवांडा 26,338 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्श्याएवढा देश. 2012 च्या जनगणनेत लोकसंख्या होती 1 कोटी 5 लाख. चौरस किलोमीटरला चारशे माणसं, आणि त्यातली बहुतेक शेतीवर. जमीन डोंगरउताराची. एका कुटुंबाची शेती चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते.

काथरिन आंद्रे आणि जाँ-फिलिप प्लातो या बेल्जियन संशोधकांनी वायव्य रवांडातल्या एका वस्तीची 1988 मध्ये आणि पुन्हा 1993 मध्ये पाहणी केली. साधारण कुटुंबाकडची जमीन या पाच वर्षांत सुमारे 36 गुंठ्यांवरून 29 गुंठ्यांवर आली होती. भाऊ-भाऊ, बाप-लेक, विधवा वहिनी आणि दीर यांच्यातली भांडणं मुख्यतः जमिनीचीच होती. लग्नाच्या वेळी बापानं मुलाला जमिनीचा तुकडा द्यायचा, ही जुनी रीत. त्या तुकड्याला म्हणतात उमुनानी. द्यायला जमीनच उरली नाही तेव्हा पोरांची लग्नं अडली. मुलींना तर वाटा नव्हताच. त्यांची जमीन आधी बापाची, मग नवऱ्याची, मग लेकाची.

त्यात 1994 उजाडलं. तीन महिन्यांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातली. लाखो लोक देश सोडून पळाले. 1959 पासूनच्या दंगलींत परागंदा झालेली तुत्सी कुटुंबं याच सुमारास दोन पिढ्यांनी परत आली. पाठोपाठ 1996-97 मध्ये झैरे (आजचा काँगो) आणि टांझानियातले हुतू, म्हणजे बहुसंख्य समाजातले, निर्वासित परतले. आता एकाच शेतावर 1959 पूर्वी कसणारा, त्याच्यानंतर तीस वर्षं कसलेला आणि 1994 नंतर रिकामं घर पाहून राहायला आलेला, असे तिघे हक्क सांगू लागले. पूर्वेकडच्या भागात सरकारनं चक्क जमिनी विभागून दिल्या, अर्धी तुला, अर्धी त्याला. त्या वेळी वाद मिटला. पण अशा वाटणीवर कुणाचा विश्वास बसणार? उद्या सरकार बदललं तर वाटणीही बदलेल, ही भीती दोन्हीकडे राहिली.

जवळपास एक तृतीयांश घरांत कर्ती माणूस बाई होती. नवरा मेलेला, परागंदा किंवा तुरुंगात. रिवाजानुसार तिच्या नावावर काहीच नव्हतं. 1999 च्या वारसा कायद्यानं मुलगा-मुलगी समान वारस ठरवले आणि कायदेशीर विवाहित पत्नीचा संपत्तीतला हक्क मान्य केला. 2004 मध्ये जमीन धोरण आलं. 2005 च्या जमीन कायद्यानं रूढीनं मिळालेल्या हक्काला लेखी हक्काइतकंच वजन दिलं आणि नोंदणी सक्तीची केली. शेतजमीन मिळणार होती दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर, 99 वर्षांपर्यंत.

शेजाऱ्यासमोर ठरलेली हद्द

या प्रकरणात खरं शिकण्यासारखं आहे ते मोजणीच्या पद्धतीत.

परवानाधारक भूमापक आणून, यंत्रानं सेंटिमीटरपर्यंत हद्द मोजून दाखले द्यायचे, तर रवांडाला पैसाही पुरला नसता आणि माणसंही. म्हणून आधी विमानातून देशाचे फोटो काढले, ते मापात बसवून त्यांच्या मोठ्या प्रती छापल्या. गावातलीच थोडी शिकलेली तरुण मंडळी निवडून, त्यांना प्रशिक्षण देऊन मोजणीदार केलं. गावच्या जमीन समितीत गावातलेच लोक घेतले. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या शेतात हजर राहायचं. मोजणीदार बांधावरून चालत जाई, बरोबर मालक, दोन्ही बाजूंचे शेजारी आणि समितीची माणसं. सगळ्यांच्या देखत फोटोवर रेघ मारली जाई. बांध, चर, झाडांची ओळ, पायवाट अशी डोळ्यांना दिसणारी खूण हीच हद्द. दोन-चार हात इकडेतिकडे चालेल, पण शेजाऱ्याची कबुली हवी.

तिथंच मालकाचं नाव, नवरा-बायको असतील तर दोघांची नावं, मुलांची नावं वारस म्हणून, असं अर्जात लिहून घेतलं जाई आणि हातावर पावती मिळे. नंतर गावाची सगळी यादी आणि नकाशा साठ दिवस चावडीसारख्या जागी लावून ठेवत, म्हणजे ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी. हरकत आली तर ती अबुन्झींकडे जाई. अबुन्झी म्हणजे गावानं निवडलेली समेट घडवणारी मंडळी. त्यांना राज्यघटनेचंच अधिष्ठान आहे आणि त्यांच्यापुढे वकील लागत नाही. ज्या देशात जमिनीवरून इतकं रक्त सांडलं होतं तिथं नोंदणीला हात घातला की पुन्हा आग भडकेल, ही भीती सरकारातही होती आणि बाहेरच्या देणगीदारांतही. वाद झाले, पण त्या भीतीच्या मानानं फार थोडे.

मला या पद्धतीत सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती शेजाऱ्याची हजेरी. कागद छापायला राजधानी किगालीत गेला आणि काही महिन्यांनी आला, पण हद्द त्या आधीच शेतात ठरली होती, साक्षीदारांसमोर. मालकीला कागदाइतकाच शेजाऱ्याच्या मान्यतेचा आधार लागतो. तो आधी मिळाला आणि मग शिक्का बसला. वसाहतकाळात आणि नंतरही आफ्रिकेत झालेल्या बहुतेक नोंदणी मोहिमांत हा क्रम उलटा होता.

बांधबंदिस्ती आणि बाईचं नाव

देशभर जाण्याआधी 2007-08 मध्ये चार अकागारींत, म्हणजे चार छोट्या प्रशासकीय विभागांत, सुमारे पंधरा हजार तुकड्यांवर ही पद्धत आजमावली होती. जागतिक बँकेतले अभ्यासक डॅनियल आयालेव अली, क्लाउस डायनिंगर आणि मार्कस गोल्डस्टीन यांनी या चार ठिकाणच्या कुटुंबांची तुलना हद्दीच्या अगदी पलीकडच्या कुटुंबांशी केली. तीच टेकडी, तीच माती, तोच पाऊस. फरक एवढाच की अलीकडच्यांची जमीन नोंदली गेली आणि पलीकडच्यांची राहिली.

पहिली गोष्ट दिसली ती बांधबंदिस्तीत. नोंद झालेल्या घरांनी बांध घालणं, ताली दुरुस्त करणं, चर खणणं ही कामं जास्त केली. अशी कामं करणाऱ्या घरांचं प्रमाण सुमारे दहा टक्के-अंकांनी वाढलं, म्हणजे पलीकडच्यांच्या जवळपास दुप्पट झालं. ज्या घरात बाई कर्ती होती तिथं ही वाढ सुमारे एकोणीस अंकांची.

रवांडाच्या उतारावर पावसाळ्यात माती वाहून जाते, आणि माती गेली की पीक गेलं. बांध घालायला पैसा थोडा लागतो, अंगमेहनत फार. ती मेहनत आज करायची आणि तिचं फळ पुढची पाच-दहा वर्षं खायचं. ज्या बाईला दीर कधीही येऊन "हे शेत आमच्या घराण्याचं" म्हणेल, ती उन्हातान्हात दगड का वाहील? कॉफीचं झाड लावलं तर पहिली फळं तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात. तोवर शेत आपल्याकडे राहील याची खात्री नसेल तर माणूस तीन महिन्यांत हाती येणारा घेवडाच लावतो. बाईच्या घरांत वाढ दुप्पट दिसली, कारण भीतीही तिथंच दुप्पट होती. एकोणीसचा आकडा तिच्या मेहनतीचा आहे, तसाच तिनं आधीची वर्षं कशी काढली त्याचाही आहे.

दुसरी गोष्ट: जमीनविक्रीची लाट आली नाही. कागद मिळताच गरीब लोक जमिनी फुंकून टाकतील आणि भूमिहीन होतील, असा इशारा अनेकांनी दिला होता. पाहणीत विक्रीचे व्यवहार वाढले नव्हते, उलट घटले होते.

तिसरी गोष्ट कडू होती. ज्यांचा विवाह सरकारदरबारी नोंदलेला होता त्या बायकांचा हक्क पक्का झाला. असे विवाह सुमारे तीन चतुर्थांश होते. उरलेल्या बायका रीतीप्रमाणे लग्न करून किंवा नुसत्याच एकत्र राहून वर्षानुवर्षं संसार करत होत्या. काही दुसऱ्या-तिसऱ्या बायको होत्या. त्यांची स्थिती नोंदणीनंतर आधीपेक्षा वाईट झाली. कागद नव्हता तोवर गावाच्या नजरेत त्यांना काहीएक स्थान होतं. कागद आला, त्यावर एकट्या नवऱ्याचं नाव आलं आणि ते स्थान पुसलं गेलं. ज्या मोजणीनं विधवेला बळ दिलं तिनंच या बाईच्या हातचं काढून घेतलं, आणि कुणाच्या वाईट हेतूनं नव्हे, अर्जातल्या एका रकान्यामुळे.

हे लक्षात आल्यावर देशव्यापी मोहिमेत अर्ज आणि सूचना बदलल्या, नोंद नसलेल्या जोडीदाराचं नाव घालायची सोय झाली. चार ठिकाणी आधी करून पाहिलं, बाहेरच्यांना मोजू दिलं आणि चूक सापडल्यावर रकाना बदलला, याचं श्रेय त्या यंत्रणेला द्यायलाच हवं. शेवटी देशातल्या निम्म्याहून अधिक खासगी तुकड्यांवर नवरा-बायको दोघांची नावं लागली. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीच्या हाकेतून सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचं नाव लावायला सांगितलं होतं. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना हे केवढं काम आहे ते वेगळं सांगायला नको.

कर्ज कुठं अडलं

आता त्या गाजलेल्या वाटेकडे. कागद, गहाण, कर्ज, धंदा.

चार विभागांतल्या त्या पाहणीत कर्जात म्हणावी अशी वाढ दिसली नाही. पुढेही गहाणखतं वाढली ती मुख्यतः किगालीत आणि इतर शहरांत, जिथं प्लॉटला भाव आहे आणि गिऱ्हाईक आहे. खेड्यातला अर्ध्या एकराचा उतार बँकेला नको असतो. कारण उघड आहे. कर्ज थकलं तर तो तुकडा विकत घेणार कोण? गावातला माणूस शेजाऱ्याच्या विधवेची जप्त जमीन लिलावात घेईल का? घेतलीच तर त्या पैशात बँकेचा कागदपत्रांचा आणि वसुलीचा खर्चही निघत नाही. दुसरी बाजू शेतकऱ्याची. ज्याच्याकडे एवढीच जमीन आहे तो ती पणाला लावून दुकान टाकत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पावसानं दगा दिला तर तोच तुकडा त्याला जगवणार असतो.

सरकारनं 2008-09 च्या सुमारास देशातल्या 416 सेक्टरांत, म्हणजे अकागारीहून मोठ्या प्रशासकीय विभागांत, प्रत्येक सेक्टरला एक अशी बचत आणि पतसंस्थांची साखळी उभी केली. छोटं कर्ज हवं असणाऱ्याला तीच जवळची. ओळखदेख आणि बचतीचा इतिहास यांचं वजन तिथं मोठं असतं.

म्हणून मालकी हक्काचा उद्योजकतेशी संबंध नाही, असं कुणी म्हणेल तर ते मात्र मला पटत नाही. स्वतःच्या शेतात कॉफी लावणं, तालीच्या बांधावर गवत लावून गाय पाळणं, दुसऱ्याला हंगामापुरतं शेत खंडानं देऊन स्वतः बाजारात भाजी विकायला बसणं, हे सगळे उद्योगच आहेत. शेत खंडानं द्यायला तर कागदाची गरज फार. कसणारा उद्या मालक म्हणून उभा राहणार नाही एवढी खात्री असेल तरच माणूस शेत सोडून गावाबाहेर पोट भरायला जातो. हा फायदा कर्जाच्या आकडेवारीत सापडत नाही आणि म्हणून अहवालांत मागे पडतो.

कागद कुणाविरुद्ध चालतो

दिराविरुद्ध चालणारा कागद सरकारविरुद्ध चालतो का?

2007 पासून रवांडात पीकवाढीचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. मका, गहू, भात, बटाटा, घेवडा, कसावा अशी ठरावीक पिकं, त्या त्या भागाला नेमून दिलेली, शेजारच्या शेतांत सलग एकच पीक. बियाणं आणि खत सवलतीत मिळे, उत्पादनही वाढलं. पण शेताचा दाखला हातात असलेल्या माणसाला त्या शेतात काय पेरायचं हे ठरवायची मुभा अनेक ठिकाणी उरली नाही. ज्यांच्याकडे थोडी जमीन होती ते जोखीम वाटून घेण्यासाठी पूर्वी चार पिकं मिसळून लावत. त्यांना एकाच पिकावर यावं लागलं. 2005 च्या कायद्यात तर शेत तीन वर्षं पडीक ठेवल्यास सरकारनं ताब्यात घेण्याची तरतूदही होती.

किगालीतल्या कांगोंडो आणि किबिरारो या झोपडवस्त्या, लोक ज्यांना बान्याहे म्हणतात, त्याहून बोलक्या आहेत. इथल्या अनेकांकडे रीतसर दाखले होते. शहरानं वस्ती हलवायचं ठरवलं आणि मोबदला म्हणून बुसांझा इथं बांधलेली घरं देऊ केली. रहिवाशांचं म्हणणं, आम्हाला कायद्याप्रमाणे रोख रक्कम द्या, कुटुंब मोठं आहे, तेवढ्या खोल्यांत मावणार नाही, भाडेकरू ठेवून आमचं पोट चालत होतं ते कुठं चालवायचं? प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं रेंगाळलं. सप्टेंबर 2022 मध्ये वस्ती पाडली गेली.

घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देणारी बाई ही शहरी गरिबातली खरी उद्योजक. तिच्या मालकीचं मोल तिच्या धंद्यासकट धरायला हवं होतं. ते धरलं गेलं नाही, आणि मजबूत सरकारमुळे नोंदणी वेगात झाली असं म्हणणाऱ्यांनी त्याच मजबूत सरकारची ही बाजूही त्याच तराजूत घालायला हवी.

गरिबी किती कमी झाली

सरकारी पाहण्यांनुसार गरिबीरेषेखालची लोकसंख्या 2005-06 मध्ये 56.7 टक्के होती, 2010-11 मध्ये 44.9 आणि 2016-17 मध्ये 38.2. मधल्या 2013-14 च्या पाहणीतल्या आकड्यावर गरिबीरेषाच बदलल्याचा आक्षेप काही अभ्यासकांनी जोरात घेतला. आकडे जसेच्या तसे मानले तरी ही घट नोंदणीच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याच काळात खत आलं, आरोग्य विमा आला, गरीब घराला एक गाय देणारी गिरिंका योजना आली, रस्ते झाले. नोंदणीचं श्रेय जिथं मोजून सिद्ध झालं तिथं तेवढंच द्यावं: माती टिकली, विधवेची भीती कमी झाली, जमीन फुंकली गेली नाही. अर्ध्या एकरात सहा जणांचं पोट भरत नाही, हे मात्र कागदानं बदलत नाही.

दप्तर जुनं होतं तेव्हा

नोंदणीचं सर्वांत अवघड काम ती संपल्यावर सुरू झालं. पहिला दाखला हजार रवांडन फ्रँकमध्ये मिळाला होता. तरी लाखो दाखले कार्यालयांत पडून राहिले, लोक घ्यायलाच आले नाहीत. पुढे विक्री, वाटणी किंवा वारस नोंदवायची तर त्या काळी शुल्क 27 ते 30 हजार फ्रँक, म्हणजे शेतमजुराच्या महिनाभराच्या कमाईच्या घरात. तुकडा विकून येणार किती आणि नोंदीला घालवणार किती? लोकांनी साक्षीदारांसमोर साधा कागद करून व्यवहार उरकायला सुरुवात केली.

त्यात त्या काळच्या कायद्यानं एक हेक्टरपेक्षा लहान शेताचे तुकडे पाडायला मनाई केलेली. बहुतेक कुटुंबांकडे मुळात हेक्टरच नाही. म्हणजे बाप मेल्यावर तीन भावंडांनी शेत वाटून घेतलं तर ती वाटणी नोंदताच येत नसे. एकत्र हिस्से लावता येत, पण कसणं वेगळं, कागद एक. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आणि त्याच्या आडून वाढलेली गुंठेवारी आपण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. शेतात एक, सातबाऱ्यावर दुसरंच, आणि नोटरीच्या कागदावर झालेले व्यवहार. केनियात 1954 च्या स्विनर्टन योजनेपासून नोंदणी झाली, पुढची विक्री आणि वारस लोक नोंदवेनात, आणि दप्तरात मेलेल्या माणसांची नावं राहिली. रवांडाला हा इतिहास ठाऊक होता, तरीही शुल्क ठरवताना आणि एक हेक्टरची अट घालताना तो विचारात घेतला गेला नाही. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतली ही सर्वांत मोठी चूक.

2023 पासून कागदी दाखल्याऐवजी ई-दाखला सुरू झाला आणि खासगी नोटरींनाही व्यवहार नोंदवायची परवानगी मिळाली. त्यानं किगालीतल्या प्लॉटधारकाची फेरी वाचेल. खेड्यात ज्या विधवांची नावं 2010-12 च्या सुमारास पहिल्यांदा दप्तरात आली, त्यांच्या मुलामुलींची वाटणी आता व्हायची आहे. त्यासाठी शुल्क व्यवहाराच्या किमतीच्या प्रमाणात हवं आणि वारस नोंद फुकट हवी. हेक्टरखालची वाटणीही जशी शेतात झाली तशीच दप्तरात यायला हवी. 1999 च्या कायद्यानं दिलेला मुलींचा वाटा खरोखर मिळाला की भावांनी तोंडी सोडवून घेतला, हे त्या नोंदींतूनच दिसेल.